सहभागी महाजालाचा सामाजिक अभ्यास

सहभागी महाजालाचा सामाजिक अभ्यास हे समाजशास्त्र व संज्ञापनविद्या यांच्या सीमेवरील अभ्यासक्षेत्र आहे. ज्या संकेतस्थळांवरील मजकूर मुख्यतः वापरकर्तेच निर्माण करतात, त्यांना एकत्रितपणे सहभागी महाजाल म्हणतात. विकिपीडिया, यूट्यूब व फेसबुक ही त्याची परिचित उदाहरणे होत. कोण लिहितो, कोणाचे ज्ञान नोंदले जाते आणि या श्रमाचा लाभ कोणास मिळतो, हे या अभ्यासातील मूलभूत प्रश्न आहेत.

इतिहास

हेन्री जेंकिन्स यांनी १९९२ मध्ये दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'सहभागी संस्कृती' ही संकल्पना त्यातून पुढे आली. 'वेब २.०' ही संज्ञा डार्सी डिनुची यांनी १९९९ मध्ये वापरली व २००४ नंतर टिम ओ'रायली यांच्यामुळे ती रूढ झाली. योचाय बेंक्लर यांनी 'द वेल्थ ऑफ नेटवर्क्स' (२००६) या ग्रंथात, बाजारपेठ व वरिष्ठांची आज्ञा यांवाचूनही सामूहिक निर्मिती शक्य असल्याचे प्रतिपादन केले.

सहभागातील विषमता

दार सर्वांना खुले असले, तरी सर्वच आत येतात असे नाही. जेकब निल्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ठोकताळ्यानुसार ९० टक्के सदस्य केवळ वाचतात, ९ टक्के क्वचित भर घालतात आणि १ टक्का सदस्य बहुतांश लेखन करतात. विकिपीडियाविषयी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत योगदानकर्त्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण सुमारे १३ टक्केच आढळले. फावला वेळ, शिक्षण, साधनांची उपलब्धता आणि चर्चेतील आक्रमक भाषा ही यामागील कारणे अभ्यासक विचारात घेतात.

श्रम व मालकी

तित्सियाना तेर्रानोवा यांनी २००० मध्ये वापरकर्त्यांच्या स्वेच्छेच्या कामास 'विनामूल्य श्रम' म्हटले. विकिपीडियावरील लेखन मुक्त परवान्याखाली सर्वांस उपलब्ध राहते. व्यापारी संकेतस्थळांवर मात्र सदस्यांच्या मजकुराभोवती जाहिराती दाखवून कंपन्या उत्पन्न मिळवतात.

भाषा व मौखिक ज्ञान

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. भारतीय भाषांतील ज्ञानकोशांपुढे एक विशेष प्रश्न उभा राहतो. विकिपीडियावरील विधानास प्रकाशित संदर्भ लागतो. परंतु शेतीतील अनुभव, खेळ, पाककृती, विधी असे पुष्कळ ज्ञान केवळ मौखिक परंपरेने टिकून आहे. अचल प्रभाला यांनी २०११ मध्ये भारत व दक्षिण आफ्रिकेत राबविलेल्या प्रकल्पात जाणकारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती संदर्भ म्हणून वापरून पाहण्यात आल्या. अशा मुलाखतींची पडताळणी कशी करावी, यावर मतभेद आहेत. त्या वगळल्यास मात्र छापील साहित्य कमी असलेल्या समाजांचे ज्ञान कोशाबाहेरच राहते.