पडद्याखालचा आधार : हैदराबादमधील एका दुर्लक्षित वस्तूचा इतिहास

वाचनाची वस्तू डोळ्यांसमोर योग्य उंचीवर आणि योग्य कोनात धरणे हे आधाराचे मूळ काम होय. तो निकामी झाल्यावर त्यातील लाकूड, धातू किंवा प्लास्टिक पुन्हा उपयोगात येईल का, हा प्रश्न मात्र त्या मानाने अलीकडचा आहे. ग्रंथसंग्रह, सरकारी इलेक्ट्रॉनिक उद्योग आणि संगणकसेवांचा व्यवसाय हे तीन थर हैदराबादमध्ये एकावर एक साचत गेल्याने या दोन्ही प्रश्नांचा इतिहास तेथे एकत्र तपासता येतो.

पहिला थर रेहलचा, म्हणजे ग्रंथ उघडा ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुमडत्या आधाराचा आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात सुलतान इल्तुतमिशचे नाव कोरलेली जेड दगडाची रेहल असली, तरी सर्वसामान्य रेहल लाकडाचीच असे, आणि पोथीवाचनासाठी मराठी घरांत ठेवले जाणारे लाकडी व्यासपीठही याच जातीचे आहे. जाड फळी दोन्ही टोकांकडून जाडीतून चिरत आणून मध्यभागी एकमेकांत अडकलेली बिजागरी त्याच लाकडातून कोरली जात असल्याने दोन्ही पाने उघडतात, मिटतात, पण सुटी होत नाहीत. खिळा, सरस किंवा दुसरा कोणताही पदार्थ तिला लागत नाही. त्यामुळे मोडलेल्या रेहलमध्ये वेगळे काढण्यासारखे काही उरत नाही.

दुसरा थर 11 एप्रिल 1967 रोजी अणुऊर्जा खात्याच्या अखत्यारीत स्थापन झालेल्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया लिमिटेड, म्हणजे ईसीआयएल, या कंपनीपासून सुरू होतो. तिचे संस्थापक ए. एस. राव यांचे नाव आज शहरातील एका वसाहतीला आहे. मुंबईतील तुर्भे येथील अणुसंशोधनातून आलेला टीडीसी-12 हा संगणक 1969 मध्ये या कंपनीच्या नावावर लागला आणि पुढे टीडीसी-312 व टीडीसी-316 ही यंत्रे आली. पुढील काळात कार्यालयांत रुळलेले काचेच्या नळीचे, म्हणजे सीआरटी प्रकारचे, मॉनिटर इतके अवजड होते की 15 इंची पडद्याचे वजनही सुमारे 12 ते 14 किलो भरे. म्हणून त्यांना केवळ कलता-फिरता प्लास्टिकचा तळ दिला जाई आणि उंची हवी असल्यास मॉनिटर आडव्या संगणकपेटीवर ठेवला जाई.

तिसरा थर संगणकसेवांच्या व्यवसायाचा आहे. 22 नोव्हेंबर 1998 रोजी माधापूरमधील सायबर टॉवर्स या संगणकसेवा कंपन्यांच्या इमारतीचे उद्घाटन झाले आणि त्यानंतरच्या दशकात सपाट पडद्यांनी काचेच्या नळीची जागा घेतली. पडदा हलका झाला, पण त्याचा आधार गुंतागुंतीचा झाला. पडदा हाताच्या हलक्या स्पर्शाने वरखाली व्हावा म्हणून खांबात गुंडाळलेल्या पोलादी पट्टीची स्प्रिंग किंवा दाबाखाली नायट्रोजन भरलेली गॅस स्प्रिंग बसवली जाते, तिच्याभोवती प्लास्टिकचे आवरण, सरकत्या पट्ट्या आणि खाली रबरी पाय लागलेले पोलादी वजन येते. हे भाग सुटे करण्यास वेळ लागतो, शिवाय दाबयुक्त नळी बेसावधपणे कापणे धोक्याचे असते. याउलट व्हेसा या 1989 मध्ये स्थापन झालेल्या संघटनेने ठरवलेली, 75 किंवा 100 मिलिमीटर अंतरावरील चार छिद्रांची पद्धत आधाराला पडद्यापासून स्वतंत्र करणारी आहे. पडदा बाद झाला तरी तोच आधार दुसऱ्या कंपनीच्या पडद्याला चालू शकतो.

इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावरील भारतीय नियम 1 मे 2012 पासून लागू झाले आणि त्यांत विस्तारित उत्पादक जबाबदारी, म्हणजे वस्तूची विल्हेवाट लावण्याचे दायित्व ती बाजारात आणणाऱ्यावर टाकण्याचे तत्त्व आले. 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेल्या सुधारित नियमांतील प्रमाणपत्रे सोने, तांबे, ॲल्युमिनियम आणि लोखंड या धातूंच्या पुनर्प्राप्तीवर आधारलेली आहेत. हैदराबादच्या चेर्लापल्ली भागातील सी-मेट ही केंद्र सरकारची संस्थाही इलेक्ट्रॉनिक कचऱ्यातील धातू परत मिळवण्याच्या तंत्रावर काम करते. अशा व्यवस्थेत एकाच धातूचा आधार सहज मोल मिळवतो, तर अनेक पदार्थ एकत्र चिकटवलेला आधार वेगळे करण्याच्या मजुरीलाही महाग पडतो.

या पार्श्वभूमीवर साध्या आधाराची रचना कठीण नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन पोलादी नळ्या, ठरावीक अंतरावरील छिद्रे, आरपार जाणारी खीळ आणि वर व्हेसा पट्टी एवढ्यावर उंची टप्प्याटप्प्याने बदलता येते. सलग, अलगद हालचालीची सोय त्यात नाही. परंतु पाळ्यांत चालणाऱ्या कार्यालयात, जेथे एकच टेबल दिवसभरात दोन-तीन जण वापरतात, तेथेही उंची पाळी बदलतानाच बदलावी लागते आणि तेवढ्यासाठी खीळ पुरेशी आहे. आधाराचे पुनर्चक्रण भंगाराच्या गोदामात ठरत नाही, ते आराखड्याच्या कागदावर ठरते. म्हणून कार्यालयांच्या खरेदीच्या अटींत किमतीबरोबरच आधार किती पदार्थांचा आहे आणि साध्या पेचकसाने तो सुटा होतो का, या दोन गोष्टींचा समावेश झाला पाहिजे.