तबकड्यांचे हजेरीपुस्तक

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात खुर्च्या बनविणाऱ्या एका कंपनीने ‘पॅरामाउंट’ छापाच्या तबकड्या काढल्या आणि १९२२ पासून त्यांवर कृष्णवर्णीय गायकांचे ‘ब्लूज’ गाणे मुद्रित होऊ लागले. गायकास ठराविक रोख रक्कम मिळे. पुढे तबकडी किती खपली, हे त्याने विचारावयाचे नाही! उक्त्या कामाचा हा व्यवहार आम्हां युनियनवाल्यांच्या चांगला ओळखीचा आहे. मंदी आली, १९३२ साली मुद्रण थांबले, आणि धातूचे मूळ साचे बहुतेक मोडीत गेले.

पुढे व्हिएन्नाचे संग्राहक जॉनी पार्थ यांनी ‘डॉक्युमेंट’ या नावाने एकेका गायकाच्या उपलब्ध तबकड्या तारीखवार पुन्हा काढल्या. उत्तम तेवढेच वेचणारा स्वतःची आवड जतन करतो. तारीखवार लावले म्हणजे मात्र माणसाचे काम दिसते. मिसिसिपीच्या कापूसमळ्यांच्या मुलुखातील चार्ली पॅटन यांनी १४ जून १९२९ या एकाच दिवशी चौदा गाणी दिली, हे ‘निवडक’ संग्रहातून कसे कळावे? खरखर पुष्कळ आहे, कारण कित्येक गाण्यांची एखादीच झिजलेली प्रत उरली आहे. पॅटन यांचे साथीदार विली ब्राउन यांची १९३० सालची एक तबकडी तर, नाव व क्रमांक ठाऊक असूनही, अद्याप कोणास सापडलेली नाही.