एक दिवस मुंबईचा आणि कोसबाडची टेकडी

परवा चारोटीहून मामेबहिणीचा फोन आला. "दादा, पोरांना एक दिवस मुंबई दाखवायचीय. तू जरा आखून दे ना." थोरला चार वर्षांचा, धाकटी अडीचची. आता 'आखून दे' म्हटलं की आम्हा आयटीवाल्यांचे हात शिवशिवतात. विकांताचा मुहूर्त साधून लगेच एक्सेल उघडलं.

मुंबई-अहमदाबाद हायवेने गेलेल्यांना चारोटी नाका माहीत असेल. एक फाटा डहाणूला, दुसरा कासा-जव्हारकडे. तिथून डहाणू रोड स्टेशन पंचवीसेक किलोमीटर. ही रेल्वे 1864 पासून आहे, पण मुंबईची लोकल डहाणूपर्यंत यायला 2013 उजाडलं. तरी दादर गाठायला अडीच-तीन तास लागतातच. म्हणजे पोरं निघणार पहाटे, पोचणार कंटाळून.

आणि एक गोष्ट बहिणीने शेवटी, जरा आवाज उतरवून सांगितली. थोरला दोन वर्षांचा असताना त्याला आजारपणात मुंबईला आणावं लागलं होतं. आठ दिवस दवाखाना. तेव्हापासून 'मुंबई' म्हटलं की तो रडतो. त्याच्या लेखी मुंबई म्हणजे सुई. "त्याला एकदा दुसरी मुंबई दिसू दे रे," ती म्हणाली. झालं, आता एक्सेलमध्ये चूक परवडणार नव्हती.

मी यादी केली. राणीची बाग, पेंग्विन, शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, गेटवे, चौपाटी. वीस-वीस मिनिटांचे रकाने पाडले. तारापोरवाला मत्स्यालय 1951 चं, माझ्या लहानपणीचं लाडकं, पण ते बंद झालेलं, म्हणून खोडलं. मग सवयीप्रमाणे प्रत्येक जागेचा इतिहास चाळत बसलो आणि एक गंमत लक्षात आली. यातली बहुतेक ठिकाणं मुळात लहान मुलांसाठी नव्हतीच!

राणीची बाग 1862 मध्ये उघडली ती वनस्पतींसाठी. एका कृषी-उद्यान संस्थेची ती बाग होती. 1873 मध्ये ती नगरपालिकेकडे आली आणि प्राणी त्याहीनंतर वाढले. संग्रहालयाची इमारत 1872 ची, ती कलाकुसर आणि व्यापारी माल मांडण्यासाठी. तिथला दगडी हत्ती घारापुरीचा. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला आणि उचलताना तो तुटला. हँगिंग गार्डन म्हणजे तर पाण्याच्या टाकीचं झाकण! खास मुलांचं म्हणावं असं त्यातलं कमला नेहरू पार्क, 1952 चं. पण त्यातला बूटही इंग्रजी बालगीतातून आलेला. थोडक्यात, शहराने मुलांना फिरायला नेलं, पण बहुतेक वेळा मोठ्यांच्या जागी, मोठ्यांच्या चालीने.

मग पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा, त्याच्या वेळेचा आणि त्याच्या चालीचा विचार आपल्याकडे कोणी केला? उत्तर शोधत गेलो आणि फिरून पोचलो कुठे, तर बहिणीच्याच तालुक्यात.

1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत मारिया मॉंटेसरीबाईंनी बालगृह काढलं. त्यांचे विचार वाचून गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडली आणि 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. ती मानाची नोकरी सोडून त्या गिजुभाईंकडे आल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवलं. म्हणजे शहरी मध्यमवर्गीय मुलांची सोय झाली. इथे थांबल्या असत्या तरी नाव राहिलं असतं.

पण 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, वय तेव्हा त्रेपन्न. (आपण त्रेपन्नाव्या वर्षी काय करत असू, देव जाणे.) सोबत अनुताई वाघ, तेराव्या वर्षी वैधव्य आलेल्या आणि नंतर शिकून शिक्षिका झालेल्या. त्याच वर्षी याच पट्ट्यात, तलासरीजवळच्या झरी गावापासून, वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मुळे तो आपल्याला ठाऊक असतो. एकीकडे मोठी माणसं माणूस म्हणून उभी राहत होती आणि जवळच बोर्डीत दोन बायका अडीच-तीन वर्षांच्या पोरांना माणूस मानत होत्या. हे दोन्ही एका वर्षातलं, हे मला कधी कोणी शिकवलं नव्हतं.

अडचण अशी की मुलं शाळेत येईनात. आपण असतो तर हजेरीची सक्ती केली असती. या दोघींनी शाळाच उचलली आणि वस्तीतल्या अंगणात नेली. हीच अंगणवाडी. मॉंटेसरीची महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, खडे, पानं, माती वापरली. आधी आंघोळ, वेणीफणी, खाऊ, मग बाकीचं. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुलांना गुरं राखायची असत, म्हणून शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. थोरल्या बहिणींना धाकट्यांना सांभाळावं लागे, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, ती विकासवाडी. प्रत्येक वेळी मूल बदललं नाही, आराखडा बदलला. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात 33 ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांचं नावही 'अंगणवाडी'च होतं. ताराबाई 1973 मध्ये गेल्या होत्या. अनुताईंनी मात्र 1992 पर्यंत हे काम चालवलं.

आमची मामी अंगणवाडी सेविका. ऐन तारुण्यात तिने कोसबाडला प्रशिक्षण घेतलंय. मी मोठ्या ऐटीत तिला एक्सेल वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "अरे बाबा, यात शू कधी करायची? आणि मुंगी दिसली तर?"

"मुंगी?"

"पोरगं मुंगी बघत बसणार. तेव्हा तू घड्याळ बघणार. मग तू चिडणार, ते रडणार. त्याला परत वाटेल, मुंबई म्हणजे रडायची जागा."

मी गप्प. सहा ठिकाणं होती, एक ठेवलं. राणीची बाग. बुधवार टाळला, त्या दिवशी बाग बंद असते. गर्दी उलटी असावी म्हणून यायचं दहानंतर आणि परतायचं दुपारीच. पाण्याची बाटली, कपड्यांचा जादा जोड, घरची भाकरी आणि गूळ, मध्ये झाडाखाली एक तास झोप. एवढंच.

प्रत्यक्षात काय झालं? दादरला उतरताच थोरल्याने आईचा पदर घट्ट धरला आणि विचारलं, "डॉक्टर कुठेय?" बहिणीचे डोळे भरले. मी म्हटलं, "आज त्यांना सुट्टी आहे." पटलं नाही त्याला. भायखळ्यापर्यंत तो माझ्याकडे संशयाने बघत होता.

पेंग्विन त्याने फारतर पाच मिनिटं बघितले. दगडी हत्तीसमोर थांबला, "हा मेला का?" म्हणाला आणि पुढे गेला. मग एका मोठ्या झाडाखाली पडलेल्या शेंगा त्याला सापडल्या. पाऊण तास, मित्रहो, पाऊण तास आम्ही त्या शेंगा गोळा करत होतो. धाकटीने त्या लहान-मोठ्या अशा रांगेत लावल्या. कोसबाडला याच वयाच्या मुलांपुढे बिया आणि शिंपले मांडले होते, ते मला तिथे उकिडवं बसल्यावर कळलं. वाचून कळलं नव्हतं. एकदा माझा हात घड्याळाकडे गेला, तो मागे घेतला.

परतीच्या गाडीत दोघं झोपली, खिसे शेंगांनी भरलेले. रात्री बहिणीचा फोन आला. थोरल्याने आजीपुढे शेंगा ओतल्या आणि सांगितलं, "मुंबईत झाड आहे."

दवाखान्याची भीती गेली असेल असं मी म्हणत नाही, एका दिवसात तेवढं होत नसतं. पण आता त्या शब्दात सुईच्या शेजारी एक झाडही आहे.

असो. एक्सेलची फाईल मी काढून टाकलेली नाही. पुढच्या विकांताला मामीकडे जातोय. म्हणतो, या वेळी पोरांनी मला कोसबाड दाखवावं.