जमीनदारी कारभार आणि आक्रमणाची धास्ती (इंग्लंड, १७९८–१८०५)
नेपोलियनची फौज फ्रान्समधील बूलोन्य येथे जमल्याने १८०३ ते १८०५ या काळात इंग्लंडचा दक्षिण किनारा आक्रमणाच्या धास्तीखाली होता. या धास्तीने केंट व ससेक्समधील जमीनदारांचा कारभार थांबला नाही. उलट कारभाऱ्याच्या वहीला लष्करी महत्त्व आले. १७९८ च्या संरक्षण कायद्यानंतर गावोगावची गुरे, धान्य, गाड्या, गिरण्या व पावाच्या भट्ट्या यांची मोजदाद होऊ लागली. शत्रू उतरताच गुरे किनाऱ्यापासून आत हाकायची योजना होती. कायद्यात नुकसानभरपाईची तरतूद असल्याने नेमकी नोंद मालक व कूळ दोघांच्याही हिताची होती.

अशा अनिश्चिततेत जमिनीचे उत्पन्न घटले असेल, असा आक्षेप घेता येईल. पण युद्धकाळात धान्याचे भाव चढे राहिले आणि नवा करार करताना खंड वाढवणे शक्य झाले. खरा पेच जमिनीच्या वापराचा होता. शत्रूला अडवण्यासाठी रॉम्नी मार्श हा सखल प्रदेश पाण्याखाली घालण्याच्या विचाराऐवजी १८०४ मध्ये सुमारे ४५ किमी. लांबीचा रॉयल मिलिटरी कालवा खोदण्याचे ठरले. त्यासाठी पंतप्रधान विल्यम पिट यांनी जमीनदारांचे मन वळवले. आक्रमण झालेच नाही, म्हणून ही तयारी वाया गेली असे म्हणता येत नाही: कालवा पुढे त्याच शेतांच्या पाणी-निचऱ्याला उपयोगी पडला.