पाताळांतील भेग

१९४७ सालीं अमेरिकेंतील कॅन्सस राज्यांत, ह्यूगोटन नांवाच्या वायुक्षेत्रांत, एका विहिरींतून घट्ट केलेलें पेट्रोल प्रचंड दाबानें खडकांत कोंबण्यांत आलें. खोली सुमारें २४०० फूट. खडक फाटावा व त्याच्या सूक्ष्म छिद्रांत कोंडलेल्या वायूला वाट मिळावी, हा हेतु. वायु कांहीं फारसा वाढला नाहीं. तथापि दोनच वर्षांनीं, १९४९ मध्यें, हा उपाय ओक्लाहोमा व टेक्सास येथें धंद्याच्या पायावर सुरू झाला.

पण भेग गेली कोणीकडे? धंद्यांतील जाणत्यांची समजूत अशी कीं, खडकाचे थर आडवे, तेव्हां भेगहि आडवीच पसरणार. या समजुतीला १९५७ सालीं किंग हबर्ट व डेव्हिड विलिस यांनीं सुरुंग लावला. त्यांचें साधन स्वयंपाकघरांत शोभावें असें! जिलेटिनचा गोळा दाबून धरावा, त्यांत पातळ प्लॅस्टर भरावें, आणि तें थिजल्यावर भेगेचा ठसा पाहावा. जिकडे दाब सर्वांत कमी तिकडे भेगेच्या भिंती सरकत, व भेग त्या दिशेशीं काटकोन करी. खोल खडकावर वरचें ओझें अफाट. तें उचलण्यापेक्षां बाजूला सरणें सोपें. म्हणून तेथें भेग बहुधा उभीच असते.

दिशा कळली, लांबी-रुंदी कशी कळावी? रशियांत ख्रिस्तियानोविच व झेल्तोव यांनीं १९५५ मध्यें, अमेरिकेंत पर्किन्स व कर्न यांनीं १९६१ मध्यें गणितें मांडलीं. दोन्हींत भेगेची उंची गृहीत धरलेली. त्यावांचून कागदावर उत्तर निघणें दुरापास्तच. कारण भेगेची रुंदी दुप्पट झाली, कीं तितक्याच दाबाच्या उतारावर द्रव आठपट वाहतो. द्रव वाहिला कीं दाब बदलतो, दाब बदलला कीं पुन्हां रुंदी. शिवाय सच्छिद्र भिंतींत द्रव जिरतो तो निराळाच, आणि जिरलेला द्रव खडकाला आंतून फुगवतो. या फुगण्याचे नियम मॉरिस बिओ यांनीं १९४१ मध्येंच बांधले होते.

हें चक्र अखेर गणकयंत्राच्या स्वाधीन झालें. खडकाचे लहान लहान तुकडे कल्पून, दाब व रुंदी यांचा मेळ बसेपर्यंत तें क्षणाक्षणाची आकडेमोड करतें. प्रारंभीं भेगेची वाट बहुधा आधींच आंखून द्यावी लागे. १९९८ मध्यें फ्रांसफोर व मारिगो यांनीं, एकंदर ऊर्जा जेणेंकरून कमीत कमी राहील त्याच वाटेनें भेग जाईल, असें सूत्र मांडलें. आणि पुढें भेग ही धारदार रेषा न मानतां जीर्ण खडकाचा अरुंद पट्टा मानण्याची रीत निघाली. तेव्हांपासून पडद्यावरील भेग आपण होऊन वळूं लागली, फांद्या टाकूं लागली. मात्र खडकांतील मूळ ताण यंत्राला सांगावाच लागतो. तो जाणण्यासाठीं विहिरींत थोडा द्रव दाबतात, आणि भेग मिटतांना दाब कितीवर आला, हें पाहत बसतात.