दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी : कुटुंबवत्सल समाजधुरीण

कोणत्याही समाजाचा इतिहास पाहिला असता मंदिरे, धर्मशाळा व विद्यालये यांच्या नामफलकांवर दात्यांची नावे कोरलेली आढळतात. परंतु त्या नावांमागील गृहस्थ आपल्या घरी कसा वागला, आपल्या लेकीबाळींच्या सुखदुःखात कसा उभा राहिला, याची नोंद क्वचितच होते. दानवीर, जैनकुलभूषण शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी, जे. पी., यांच्या जीवनात मात्र घर आणि समाज या दोन गोष्टी वेगळ्या राहिल्याच नाहीत. म्हणूनच त्यांचे चरित्र आजच्या पिढीने मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

शेठजींचा जन्म 1851 साली सुरत येथे विसा हुमड दिगंबर जैन कुटुंबात झाला. पुढे हे कुटुंब मुंबईस आले. त्या काळी इराणच्या आखातातून येणाऱ्या मोत्यांची मुंबई ही मोठी पेठ होती. मोती चाळणीने आकारवार निवडणे, त्यांचे पाणी व गोलाई पारखणे, ते विंधणे, ओवणे आणि ‘चव’ या मापाने त्यांचा हिशेब बसविणे हे सारे नजरेचे व सचोटीचे काम. या धंद्यात शब्दाला मोल असते आणि एकदा गेलेली पत पुन्हा येत नाही. माणिकचंदजींनी आपल्या बंधूंसह ही पत मिळविली. भावाभावांचा एकोपा हेच त्या पेढीचे खरे भांडवल होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

लक्ष्मी प्रसन्न झाली तेव्हा शेठजींनी समाजाची नाडी अचूक ओळखली. खेड्यापाड्यांतील जैन मुले हुशार असूनही शहरात शिकू शकत नसत. अडचण केवळ फीची नव्हती. कंदमूळवर्ज्य आहार, सूर्यास्तापूर्वीचे भोजन, गाळलेले पाणी व नित्य देवदर्शन यांची सोय परक्या गावी कोठून व्हावी? धर्म सांभाळावा तर शिक्षण सुटे आणि शिक्षण घ्यावे तर आईवडिलांच्या मनाला घोर लागे. या पेचावर त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे जैन बोर्डिंग. मुंबईस त्यांनी आपल्या वडिलांच्या व आजोबांच्या नावे ‘हिराचंद गुमानजी जैन बोर्डिंग’ स्थापन केले. पितृऋण आणि समाजऋण एकाच कृतीने फेडण्याची ही रीत किती सुंदर!

दक्षिण महाराष्ट्राशीही त्यांचे नाते जडले. 1899 साली स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या शिक्षणकार्याला त्यांचे साहाय्य लाभले. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात अण्णासाहेब लठ्ठे यांच्या देखरेखीखाली कुंभोजचा एक विद्यार्थी काही काळ राहिला. तोच पुढे कर्मवीर भाऊराव पाटील म्हणून विख्यात झाला. कर्मवीरांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि वसतिगृहाचे दार सर्व जातिधर्मांच्या मुलांना उघडले. एका समाजापुरते लावलेले रोप दुसऱ्या थोर पुरुषाच्या हातून बहुजनांचा वटवृक्ष झाले.

तीर्थांच्या संरक्षणाची चिंताही शेठजींना होती. 1902 साली स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचे ते संस्थापक होत. मुंबईस येणाऱ्या यात्रेकरूंसाठी सी. पी. टँक परिसरात त्यांनी ‘हिराबाग’ धर्मशाळा उभारली. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या महात्मा गांधींचा सत्कार 1915 च्या जानेवारीत याच हिराबागेत झाला होता.

परंतु शेठजींच्या मोठेपणाची खरी कसोटी त्यांच्या घरातच लागली. त्यांची कन्या मगनबाई हिला ऐन तारुण्यात वैधव्य आले. त्या काळातील विधवेचे जिणे काय होते, हे घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींकडून अनेकांनी ऐकलेले आहे. काळे लुगडे, घराचा कोपरा आणि उपासतापास, एवढेच तिच्या वाट्याला येई. संपन्न पित्याने लेकीला अन्नवस्त्र कमी पडू दिले नसते, आणि तेवढ्यावर समाजानेही त्याला धन्य म्हटले असते. शेठजींनी मात्र लेकीच्या हाती पुस्तक दिले. शिक्षक ठेवून तिला संस्कृत व धर्मग्रंथांचे अध्ययन करविले आणि सभासंमेलनांना आपल्याबरोबर नेले. विधवेने चारचौघांत बोलावे ही गोष्ट त्या दिवसांत सहजी मानवणारी नव्हती. लोकनिंदेपेक्षा लेकीचे आयुष्य मोठे मानणारा हा पिता होता.

या शिक्षणाचे फळ अवघ्या समाजाला मिळाले. 1909 च्या सुमारास मगनबाईंच्या पुढाकाराने श्राविकाश्रम सुरू झाला. प्रथम अहमदाबादेत व नंतर मुंबईत चाललेल्या या आश्रमात विधवा व निराधार भगिनींना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि स्वावलंबनाची वाट मिळाली. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांची विधवा कन्या कंकुबाई याही त्यांच्या सहकारी होत्या. हे हिराचंदशेठ म्हणजे ‘जैन बोधक’ या मराठी पत्राचे संपादक व उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. दोन पित्यांनी आपल्या घरातील दुःख झाकून न ठेवता त्यातून शेकडो लेकींची वाट मोकळी केली. ‘जैन महिलारत्न’ मगनबाई 1930 साली निवर्तल्या.

16 जुलै 1914 रोजी शेठजींचे देहावसान झाले. त्यांच्या स्मरणार्थ निघालेल्या ‘माणिकचंद्र दिगंबर जैन ग्रंथमाले’ने पंडित नाथूराम प्रेमी यांच्या परिश्रमाने अनेक प्राचीन संस्कृत-प्राकृत ग्रंथ अल्प मूल्यात उपलब्ध करून दिले. मोत्यांच्या व्यापाऱ्याचे हे ग्रंथरूपी स्मारक किती समर्पक!

जैन धर्माने गृहस्थाला चार दाने सांगितली आहेत : आहार, औषध, शास्त्र व अभय. पैकी अभयदान देण्यास धन लागत नाही, धैर्य लागते. शेठजींनी ते सर्वप्रथम आपल्या लेकीस दिले. संस्थेच्या या सुवर्णमहोत्सवी वर्षात निधी, इमारती व पावत्या यांचा हिशेब होईल, आणि तो व्हावयासच हवा. त्याबरोबरच प्रत्येक घरातील दुःखी जिवाला, विशेषतः एकाकी भगिनीला, या पन्नास वर्षांत किती आधार मिळाला, याचाही हिशेब समाजाने मांडावा. तो जमेच्या बाजूस राहिला, तरच दानवीरांच्या स्मृतीस खरी आदरांजली वाहिली असे होईल.