घरचा कोड की बाहेरची लायब्ररी?

सोलापूर (प्रतिनिधी) - ग्रामदैवत ‘सिद्धेश्वर’ यांचे नाव संगणकावर टंकित केले, की युनिकोडचे दहा घटक ओळीने साठवले जातात. त्यात ‘स’ आधी व वेलांटी नंतर असते. पडद्यावर मात्र वेलांटी ‘स’च्या अलीकडे यावी लागते, ‘द्ध’ आणि ‘श्व’ ही जोडाक्षरेही जुळावी लागतात. फाँटमधील नियम वाचून ही जुळणी करणाऱ्या आज्ञावलीला ‘शेपिंग इंजिन’ म्हणतात.

एका दुरुस्तीच्या दोन वाटा
लिनक्सवरील जीनोम डेस्कटॉपमध्ये मजकुराची मांडणी ‘पँगो’ ही लायब्ररी करते. ‘फ्रीटाइप’ प्रकल्पातील जुना कोड पँगोने आपल्यातच सामावून घेतला होता. ‘क्यूटी’नेही तेच केले. पुढे या दोन्ही प्रतींमध्ये अंतर पडत गेले. एका प्रतीतील चूक सुधारली, तरी दुसरीत ती तशीच राहू शकत होती. यावर उपाय म्हणून ‘हार्फबझ’ हा सामाईक प्रकल्प उभा राहिला. बेहदाद एस्फाहबोद यांनी तो पुढे नव्याने लिहिला. २०१२ मध्ये पँगोने स्वतःजवळची प्रत काढून टाकली व बाहेरच्या हार्फबझवर अवलंबून राहणे स्वीकारले. त्यामुळे देवनागरीतील दोष एकाच ठिकाणी सुधारणे शक्य झाले.

सुरक्षेचा प्रश्न
२००२ मध्ये ‘झेडलिब’ या लायब्ररीत गंभीर त्रुटी आढळली. ज्या प्रोग्रॅममध्ये तिची स्वतंत्र प्रत होती, तो प्रत्येक प्रोग्रॅम वेगळा दुरुस्त करावा लागला. २०२३ मध्ये ‘लिबवेबपी’बाबत हाच अनुभव आला. म्हणूनच ‘डेबियन’ची नियमावली अशा प्रती टाळण्यास सांगते.

दुसरी बाजू
मात्र परावलंबनाचीही किंमत असते. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हा अवघ्या काही ओळींचा कोड त्याच्या कर्त्याने मागे घेतला आणि जगभरातील अनेक प्रकल्पांचे काम अडले. २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या लायब्ररीत हेतुपुरस्सर ठेवलेला चोरदरवाजा उघडकीस आला.

त्यामुळे बाहेरची लायब्ररी निवडताना तिची देखभाल कोण करते, किमान कोणती आवृत्ती लागते आणि बदलानंतर जुने काम बिघडत नाही ना, हे तपासणे आवश्यक ठरते. ‘क्यूटी’ने सोबतची प्रत किंवा प्रणालीतील हार्फबझ असे दोन्ही पर्याय खुले ठेवले आहेत. मराठी वापरकर्त्याने या तपशिलात शिरण्याची गरज नाही. पण संगणकावर येणारी अद्ययावत आवृत्ती वेळच्या वेळी स्वीकारणे त्याच्या हिताचे आहे. जोडाक्षरांची दुरुस्तीही त्याच मार्गाने येते.